पाच फुटांवरून

लेन्सचा विषय निघाला की लोक धार किती आहे ते विचारतात, झूम किती लांबचं ओढते ते विचारतात. वडीगोद्रीत स्टुडिओ चालवताना मी लेन्स निवडत आलो ती वेगळ्याच गोष्टीवरून: समोरच्या माणसापासून ती मला किती अंतरावर उभं करते. धुळे-सोलापूर महामार्गावरच्या या गावात कोणाच्या किती जवळ जायचं याचे जुने रिवाज आहेत. सासऱ्यासमोरची सून, मयताच्या घरी ओसरीवर बसलेल्या बायका, पारावरचे म्हातारे, प्रत्येकाचं अंतर निराळं. ते अंतर मोडून काढलेला फोटो कितीही धारदार आला तरी माझ्या लेखी तो वाया गेला.

हिशेब सोपा आहे. कॅमेरा उभा धरून कमरेपासून डोक्यापर्यंत माणूस घ्यायचा तर 35 एमएम फिल्मवर 50 च्या लेन्सला साधारण पाच फूट लागतात. 105 ला दहा फूट. 24 ला अडीच फुटांच्या आत शिरावं लागतं, आणि तिथून नाक मोठं होतं, कान मागे पळतात. लोक लेन्सला बोल लावतात, पण ती करणी अंतराची. तेवढ्या जवळून चेहरा तसाच दिसतो. आपण लेकरांशिवाय कोणाच्या इतकं जवळ जात नाही. दहा फुटांवरून चेहरा देखणा आणि शांत येतो. स्टीव्ह मॅकरीनं 1984 साली पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत काढलेला हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो 105 चाच, निकॉन एफएम2 वर. तीच जोडी मीही वापरली आहे आणि तिचा गोडवा मला ठाऊक आहे. पण दहा फुटांवरून बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. पाच फुटांवरून 'आजी, पदर राहू द्या तसाच' हे हळू सांगता येतं, आणि तेवढ्यानं चेहरा सैल होतो.

म्हणून माझी लेन्स 50. एफ 1.8 ची, मुठीत मावणारी, आत जेमतेम सहा काचा. तिच्या रचनेचं मूळ थेट 1896 पर्यंत, झाइसच्या पॉल रुडॉल्फनं बांधलेल्या प्लानारपर्यंत जातं. निकॉननं 1959 मध्ये आणलेला एफ माउंट पुढं डिजिटलमध्येही टिकवला, त्यामुळं एफएम2 वरची लेन्स डी90 वर चढली. पण डी90 चा सेन्सर लहान. 50 ची लेन्स तिथं 75 सारखी वागायची आणि मला अडीच फूट मागं सरकावं लागायचं. त्या काळातले फोटो चाळताना ते अडीच फूट मला आजही दिसतात. माणसं ओळखीचीच, पण बोलणं तुटल्यासारखी. डी750 आला, सेन्सर पूर्ण फ्रेमचा झाला, आणि मी पुन्हा माझ्या जागेवर आलो.

लग्नसराईत 24-70 आणि 70-200 घर चालवतात. वरातीत अंतर गर्दी ठरवते, तिथं झूम हवीच.

पाच फुटांवर पोहोचल्यावर खरी परीक्षा उन्हाची. मीटरला सगळं जग करडं हवं असतं. पांढरी टोपी, पांढरा सदरा दिसला की तो उजेड कमी करायला सांगतो, आणि रानात रापलेला चेहरा काळवंडून जातो. मी चेहऱ्याजवळ जाऊन मीटर घेतो, सावळ्या कातडीसाठी त्यातून थोडं कमी करतो. टोपी जराशी ओव्हर गेली तरी चालेल. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या दिसल्या पाहिजेत.

ऑगस्ट 2023 मध्ये शेजारच्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले. जून 2024 मध्ये लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसी आरक्षणासाठी वडीगोद्रीतच बसले. साऱ्या राज्याचे कॅमेरे या रस्त्यावर उतरले, लांब पल्ल्याच्या लेन्स व्यासपीठावर रोखल्या गेल्या. मी दोन्ही मंडपांत गेलो, व्यासपीठाकडं पाठ करून, ऐकणाऱ्यांचे फोटो काढायला. दोन्हीकडं तीच 50, तेच पाच फूट. मंडपाच्या कापडाचा रंग चेहऱ्यांवर उतरला होता. तो मी काढून टाकला नाही. या माणसांच्या घरची बारशी, साखरपुडे, दहाव्याचे फोटो माझ्या स्टुडिओतून गेले आहेत. एका मंडपात जवळ जायचं आणि दुसऱ्यात दुरून टिपायचं, हे मला जमलं नसतं आणि मी ते करणारही नव्हतो. ते सगळे फोटो मी एकाच पेटीत ठेवले आहेत.

आणखी एक कॅमेरा सांगायला हवा, यशिका मॅट 124जी. दोन लेन्सचा; वरची बघते, खालची टिपते. त्यामुळं अगदी जवळून काढताना डोक्यावर थोडी जास्त जागा सोडायची. 120 च्या रोलवर बारा चौकोनी फोटो, लेन्स 80 ची. या मोठ्या निगेटिव्हवर कमरेपर्यंतच्या माणसाला तिचंही अंतर पाच फुटांचंच पडतं. पण ती मला आवडते ते दुसऱ्या कारणासाठी. तिच्यात पाहायचं तर मान खाली घालावी लागते. डोळ्याला कॅमेरा लावून रोखून बघणाऱ्या पुरुषासमोर जुन्या बायका आखडतात. मान खाली घातलेल्या माणसासमोर त्या निवांत बसतात. चित्र डावं-उजवं उलटं दिसतं, म्हणून फ्रेम बांधायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात त्या माझ्या घरच्यांची चौकशी सुरू करतात.

अंकुशनगरच्या समर्थ साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कोप्या उभ्या राहतात. कोपीला ओसरी नाही, परसदार नाही. चूल बाहेर, न्हाणं उघड्यावर. चुलीपासून पाच फूट म्हणजे थेट घरात. माझा हिशेब तिथं चालत नाही. मुकादमाच्या परवानगीनं आत जाणं मला पुरेसं वाटत नाही. चुलीपाशी बसलेल्या बाईनं 'बस भाऊ' म्हटल्यावर ती दाखवेल तिथं बसायचं, आणि यशिकात जेवढं मावेल तेवढंच घ्यायचं. टोळी हलायच्या आत प्रिंट त्यांच्या हातात पडायला हवेत, म्हणून रोल हंगामाच्या सुरुवातीलाच संपवायचा आहे. मोबाइलवर पाठवून भागणार नाही. कागदावरचा फोटो त्यांना गावाकडच्या घरात भिंतीवर लावता येतो.