वजन उतरायच्या आधीच

साखर आधी उतरते, वजन नंतर! सध्या गंगापूर रोडला सकाळी फिरायला भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलोय. लठ्ठपणाची शस्त्रक्रिया म्हटली की माझ्या डोक्यात एक सरळ क्रम होता: पोट लहान केलं, माणूस कमी खायला लागला, महिन्यांमागून महिने बारीक होत गेला, मग मधुमेह आवरला. पण आमच्या वहिनींची जठराची बायपास इथेच नाशकात झाली आणि आठवड्याभरात त्यांचा फोन. ‘भाऊजी, काटा अजून फारसा हललेला नाही, पण डॉक्टरांनी इन्सुलिन बंद केलंय. साखर नॉर्मल येतेय!’ वर्षानुवर्षं पोटात सुया टोचून घेणारी बाई. असं कसं होईल? वाचायला बसलो तो उठलोच नाही.

आणि ही गोष्ट कितीतरी जुनी निघाली! 1955 मध्येच डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं की जठराचा भाग काढून टाकलेल्या काही रुग्णांचा मधुमेह सुधारला. त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. मग 1995 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातले शल्यचिकित्सक वॉल्टर पोरीज यांनी आपल्या 14 वर्षांच्या बायपास शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. 146 मधुमेही रुग्णांपैकी 121 जणांची साखर सामान्य झाली होती. एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या त्या लेखाचं शीर्षकच होतं, ‘हे कुणाला वाटलं असतं?’ माझ्याही मनात अगदी तेच!

पण कारण काय? त्यासाठी मला 1964 सालच्या एका प्रयोगापाशी जावं लागलं, आणि तो वाचून मी खुर्चीतून उठून येरझाऱ्या घालायला लागलो. माणसाला ग्लुकोज शिरेतून दिलं आणि तोंडावाटे दिलं, तर तोंडावाटे दिल्यावर इन्सुलिन कितीतरी जास्त स्रवतं. साखर तीच, शरीर तेच! म्हणजे वाटेत कुणीतरी स्वादुपिंडाला आधीच वर्दी देतंय. ते कुणीतरी म्हणजे आतडं. अन्न पोचलं की आतड्याच्या भिंतीतल्या पेशी संप्रेरकं सोडतात, त्यातलं एक जीएलपी-1. हल्ली ज्या ओझेम्पिक, मौंजारो इंजेक्शनांची चर्चा घरोघरी चालते, ती ह्याच संप्रेरकाच्या वाटेनं काम करतात. आपण ज्याला नुसती अन्न ढकलणारी नळी समजतो, ती शरीरातली केवढी मोठी ग्रंथी आहे!

बायपासमध्ये जठराची अगदी छोटी, जेमतेम 30 मिलीलिटरची पिशवी वेगळी करतात आणि ती लहान आतड्याच्या खालच्या भागाला जोडतात. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या उड्डाणपुलावरून गाडी जशी द्वारका चौकात न उतरता थेट पुढे जाते, तसं अन्न सुरुवातीचा भाग टाळून पुढे पोचतं. खालच्या आतड्यात जीएलपी-1 बनवणाऱ्या पेशी जास्त. तिथे अन्न लवकर आदळलं की संप्रेरकाची लाटच उसळते.

फ्रान्सेस्को रुबिनो नावाच्या इटालियन शल्यचिकित्सकाचे उंदरांवरचे प्रयोग तर प्रत्येकानं वाचावेत. त्यानं मुद्दाम मधुमेही पण सडपातळ उंदीर घेतले, म्हणजे वजनाचा प्रश्नच नको. आतड्याचा पहिला भाग वगळला, साखर सुधारली. मग त्याच उंदरांमध्ये अन्नाची जुनी वाट पुन्हा उघडली, आणि मधुमेह परतला! 2006 मध्ये छापलेला हा निकाल मी घरात सगळ्यांना वाचून दाखवला.

अर्थात, शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यातल्या सुधारणेत जवळजवळ उपाशी राहण्याचाही मोठा वाटा असतो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी 2011 मध्ये दाखवलं की दिवसाला जेमतेम 600 उष्मांकांवर ठेवलेल्या मधुमेहींची उपाशीपोटीची साखर सात दिवसांत सामान्य होते. मग नुसतं डाएटच का करू नये? इथे घ्रेलिन येतं. जठरातून निघणारं हे भुकेचं संप्रेरक 1999 मध्ये जपानमध्ये सापडलं. सिएटलच्या डेव्हिड कमिंग्ज यांनी 2002 मध्ये मोजून पाहिलं, तर डाएट करून वजन घटवलेल्यांमध्ये घ्रेलिन वाढलेलं आणि बायपासवाल्यांमध्ये तळाला गेलेलं! डाएट करणाऱ्याची भूक खवळते ती शरीर खवळवतं म्हणून. आयुष्यभर ‘जरा तोंडावर ताबा ठेवा’ ऐकत आलेल्या वहिनींना मी हे समजावून सांगितलं, तेव्हा त्या कितीतरी वेळ काही बोलल्याच नाहीत. मला त्या सगळ्या बोलणाऱ्यांचा मनापासून राग आला.

आणि आपल्या महाराष्ट्राचा धागा यात किती घट्ट विणलेला आहे! पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, एकच, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के! दिसायला बारीक, आतून चरबीवान अशी आपली घडण. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही तेच शोधलं: वजन सरासरी 2.7 किलो, इंग्लंडच्या बाळांपेक्षा पाऊण किलोहून कमी, पण चरबी त्या मानानं राखलेली. म्हणून तर आपल्याला मधुमेह गाठतो तो कमी वजनावर. 2010 मध्ये पुण्याचे डॉ. शशांक शहा आणि सहकाऱ्यांनी 35 पेक्षा कमी बीएमआयच्या 15 भारतीय मधुमेहींवर बायपास केली. तीन महिन्यांत सगळ्यांची मधुमेहाची औषधं सुटली. त्या लेखाच्या लेखकांत तेच घ्रेलिनवाले कमिंग्ज! गट लहान होता, पाठपुरावा नऊ महिन्यांचा, तरी मला तो धाडसी वाटतो. पुढे 2016 मध्ये जगभरच्या 45 वैद्यकीय संघटनांनी मधुमेहावरचा उपचार म्हणून या शस्त्रक्रियेला मान्यता दिली आणि साखर औषधांनी आवरत नसेल तर विचार करण्याची बीएमआयची मर्यादा आशियाई लोकांसाठी 30 ऐवजी 27.5 ठेवली.

हे ऑपरेशन कुणीही उत्साहाच्या भरात करून घेऊ नये, माझ्या उत्साहाच्या तर मुळीच नाही. बी-12, लोह, कॅल्शियम जन्मभर घ्यायचं, तपासण्या चुकवायच्या नाहीत, गोड खाल्लं की घाम फुटून गरगरू शकतं. मधुमेह परतूही शकतो: स्वीडनच्या दीर्घ अभ्यासात दोन वर्षांनी 72 टक्के लोक मधुमेहमुक्त होते, पंधरा वर्षांनी 30 टक्के. पण पंधरा वर्षांनीही दर दहांतले तीन! गोळ्यांनी असं कधी झालंय?

आता मी पित्ताम्लांपाशी पोचलोय. 2014 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला उंदरांवरचा प्रयोग: पित्ताम्लांचा संदेश टिपणारा एक ग्राहक जन्मतःच नसलेल्या उंदरांचं जठर साध्या उंदरांइतकंच कापून अरुंद केलं, पण घटलेलं वजन टिकलं नाही आणि साखरही तितकी सुधारली नाही. पोट तेवढंच लहान झालेलं, फायदा मात्र गेला! आणि ही पित्ताम्लं आतड्यातले जिवाणू सतत बदलत असतात म्हणे. आज रात्री त्या जिवाणूंवरचं वाचायला घेतोय.