उंच गाडीची चाकं

रस्त्यावरचं मीठ पावसानं धुऊन निघालं, गॅरेजात बर्फाचे टायर रचून झाले, की डेट्रॉइट परिसरातल्या मराठी घरांत गाड्यांच्या गप्पांना ऊत येतो. या गप्पांत एक सल्ला हमखास ऐकू येतो आणि तो मला दरवर्षी खटकतो. कुणी म्हणालं, की घरची एसयूव्ही घेऊन एखाद्या रविवारी ऑटोक्रॉसला जाऊन बघावं, की लगेच उत्तर येतं: आधी वीस इंची अलॉय टाक आणि बाजारात मिळेल तो सगळ्यात चिकट टायर चढव. ज्या गावानं शंभर वर्षं जगाला गाड्या पुरवल्या आणि जिथे आपली निम्मी मंडळी गाड्यांच्याच धंद्यात पगार घेतात, तिथे हा सल्ला इतक्या सहज दिला जावा याचं मला वाईट वाटतं. त्यातला पहिला अर्धा भाग पैसे वाया घालवणारा आहे. दुसरा अर्धा भाग धोक्याचा आहे. उंच गाडीसाठी टायर निवडताना तो रस्ता किती धरतो याच्या आधी, ती पकड गाडीला झेपेल का हे पाहावं लागतं.

ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या पार्किंग लॉटवर किंवा जुन्या धावपट्टीवर नारिंगी शंकू मांडून आखलेली वाट. एका वेळी एक गाडी सुटते, एक फेरी साधारण मिनिटाची, शंकू पडला की दोन सेकंदांचा दंड. वेग हायवेच्या वर सहसा जात नाही, पण वळणं एकामागोमाग एक आणि उलटसुलट दिशांची. उंच गाडीची खरी परीक्षा इथेच होते. दोन चाकांमधल्या रुंदीला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीनं भागलं, की गाडीच्या स्थैर्याचा आकडा मिळतो. साध्या मोटारींचा तो १.३ ते १.५ असतो, उंच एसयूव्ही, पिकअप आणि व्हॅन यांचा बहुधा १.० ते १.३. समजा एखाद्या गाडीचा आकडा १.२ आहे. तर कागदावर, वळणात १.२ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १.२ पट, इतका आडवा जोर आला की तिची आतली चाकं जमीन सोडतील. प्रत्यक्षात ती त्याआधीच सोडतात, कारण स्प्रिंग दबतात, अंग बाहेरच्या बाजूला झुकतं, आणि डावीकडून उजवीकडे झोकांडी घेताना त्या झुकण्याला स्वतःचा वेग असतो. हा हिशोब आपल्याला शेजारच्या, फोर्डचं मुख्यालय असलेल्या डिअरबॉर्नमुळे तरी ठाऊक असायला हवा. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोननं सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेचसे फोर्ड एक्सप्लोररवर होते. हायवेवर टायरचा वरचा थर सुटायचा आणि गाडी उलटायची. दोष टायरचा की गाडीचा, यावर दोन्ही कंपन्या भांडत राहिल्या. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसनं जो कायदा केला, त्यातून टायरमधल्या हवेचा इशारा देणारा दिवा सक्तीचा झाला आणि उलटण्याच्या धोक्याची चालत्या गाडीवरची चाचणी आली. ती चाचणी ताशी ३५ ते ५० मैलांवर स्टिअरिंग आधी एका बाजूला आणि लगेच दुसऱ्या बाजूला झपकन फिरवून करतात. ऑटोक्रॉसच्या शंकूंमधून जाताना आपण जवळजवळ तेच करतो.

कारखान्याकडे निघालेली उसाची टायरगाडी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पकडीचा हा उलटा न्याय कळेल. मोळ्या बैलांच्या डोक्यापेक्षा उंच रचलेल्या, खाली दोनच चाकं, आणि शेताच्या बांधावरून रस्त्यावर येतानाचं ते तिरकं वळण. जमीन ओलसर, गुळगुळीत असली तर चाकं बाहेरच्या अंगाला सरकतात, गाडी हातभर घसरते आणि उभी राहते. बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो, पण ऊस जागेवर असतो. त्याच वळणावर चाक सुकून दगडासारख्या झालेल्या चाकोरीत अडकलं, तर खालचा भाग थांबतो, वरचा थांबत नाही, आणि सगळा भार रस्त्यावर येतो. घसरणं ही तिथे गाडीची सुटका असते. जाणता गाडीवान म्हणून भार कमी उंचीचा रचतो आणि वळण मोठं घेतो. चाकांना जमीन आणखी घट्ट धरायला लावण्याचा विचार तो करत नाही. हायवेवर उलटणाऱ्या बहुतेक गाड्यांचंही असंच होतं: आधी घसरतात, मग चाक कर्बला, मातीला किंवा खड्ड्याला अडतं. डांबराच्या सपाट लॉटवर अडणारं काही नसतं, ही ऑटोक्रॉसची मोठी सोय. पण फार चिकट टायर ही सोय काढून घेतो आणि चाकोरीचं काम स्वतःच करतो. साधा ऑल सीझन टायर ०.८ जीच्या आसपास सुटतो, स्पर्धेचे टायर एक जीच्या वर जातात. १.२ च्या गाडीला पहिला टायर वेळेवर सोडून देतो, दुसरा देईलच असं नाही.

म्हणून टायरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. अमेरिकेत मोटारींच्या बहुतेक टायरवर झिजेचा आकडा छापलेला असतो, आणि स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या गटात तो किमान २०० लागतो. २०० च्या रांगेत ब्रिजस्टोनचा आरई-७१आरएस आहे, योकोहामाचा ए०५२ आहे, हँकूकचा आरएस४ आहे. आकडा एकच, पण पहिले दोन भराभर तापून रस्त्याला चिकटतात आणि भराभर संपतात, तिसरा सावकाश झिजतो. टेक्सासमधल्या ठरलेल्या चारशे मैलांच्या वाटेवर ७,२०० मैल चालवून झीज मोजतात, पण ग्रेड कंपनी स्वतः देते, त्यामुळे हा आकडा पकडीचं माप नाही. एसयूव्हीला या रांगेतलं काहीही मी सुचवणार नाही. पहिला उन्हाळा गाडीवर आहेत त्या टायरवर काढावा. मग ३०० च्या आसपासचा चांगला समर टायर घ्यावा: त्याची पकड हळूहळू सुटते, सुटताना आवाज करते, आणि तो आवाज शिकणाऱ्याचा शिक्षक असतो. इथल्या एप्रिलच्या सकाळी मात्र तो घालू नये. सात अंश सेल्सिअसच्या खाली हे रबर कडक होतं, आणि गोठलेल्या थंडीत हलवलं तर चिरूही शकतं.

आता चाकं. इथे आकडे मांडल्याशिवाय पटायचं नाही. माझदा सीएक्स-५ ही आपल्याकडे बऱ्याच दारांत दिसणारी गाडी. ती २२५/६५ आर १७ टायरवरही येते आणि २२५/५५ आर १९ वरही. दोन्हींची बाहेरची उंची जवळपास सारखी, ७२४ आणि ७३० मिलिमीटर. १९ इंची चाकानं गाडी खाली येत नाही, फक्त रबर कमी होतं आणि धातू वाढतो. उलट १७ च्याच रिमवर २३५/५५ चढवला तर उंची ६९० होते, म्हणजे गाडी १७ मिलिमीटर खाली. समजा दोन चाकांमधली रुंदी १,५९५ मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ६६५ वर आहे. स्थैर्याचा आकडा १.२० वरून १.२३ वर जातो. ऑफसेट बदलून दोन्ही बाजूंना चाक दहा-दहा मिलिमीटर बाहेर काढलं तर तो १.२१ वरच अडकतो, आणि बेअरिंगवर ताण येतो तो वेगळा. लहान टायर गाडी थोडी का होईना, खरोखर सुधारतो. स्पीडोमीटर पाचेक टक्के जास्त दाखवेल आणि खालची मोकळीक घटेल, तेवढं सोसावं. क्लबच्या गटांत चाकाचा व्यास, रुंदी आणि ऑफसेट किती बदलता येतो याची बंधनं असतात, आणि फार उंच, अरुंद गाड्यांना मनाईही असते. तेव्हा पैसे खर्च करण्याआधी तिथल्या सेफ्टी स्टुअर्डला विचारावं.

मोठ्या रिमच्या बाजूनं एक मुद्दा खरा आहे. टायरची भिंत बुटकी असली की ती कमी लचकते, आणि स्टिअरिंगला गाडी लवकर उत्तर देते. पण हे उत्तर हवेचा दाब वाढवूनही बऱ्यापैकी मिळतं, तेही फुकट. शिवाय ते चाक सोमवारी ऑफिसला जाणार आहे, मिशिगनच्या वसंतातल्या खड्ड्यांतून. बुटक्या भिंतीचा टायर आणि वाकलेलं रिम यांचा खर्च तिथे येतो. दुसरा आक्षेप असा, की एवढी काळजी करण्यापेक्षा जुनी मियाटा, म्हणजे माझदाची छोटी स्पोर्ट्स कार, घ्यावी. ज्याच्या घरी तिसऱ्या गाडीला जागा आणि विम्याला पैसे आहेत त्यानं जरूर घ्यावी, ती या खेळासाठी कितीतरी बरी. पण मुलांना घेऊन जानेवारीत आय-९४ वर आपण जी गाडी चालवतो, ती घसरू लागल्यावर काय करते हे मोकळ्या लॉटवर शिकण्याचं मोल वेगळं आहे, आणि मियाटा ते शिकवत नाही.

टायर बदलताना भाराचा आकडा मात्र कुणी विचारत नाही, आणि तो सगळ्यात आधी विचारायला हवा. सीएक्स-५ च्या १७ इंची टायरवर १०२ लिहिलेलं असतं, म्हणजे एका टायरला ८५० किलो. २३५/५५ आर १७ बहुधा ९९ चा मिळतो, म्हणजे ७७५. कुणी स्पोर्ट्स सेडानचा २३५/४५ आर १८, साधा ९४ चा, बसवला तर ६७० वर येतो. मोटारीचा टायर एसयूव्हीवर घालताना ही क्षमता आणखी १.१ नं भागून धरायची असते: ७७५ चे ७०५ होतात, ६७० चे ६०९. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पुढच्या आणि मागच्या आसाचा कमाल भार छापलेला असतो, त्याच्या निम्म्याहून हा आकडा वर हवा, आणि वळणात बाहेरच्या चाकावर येणारा भार लक्षात घेतला तर बराच वर हवा. ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर चारही टायर एकदम आणि एकाच मापाचे घ्यावेत, नाहीतर पुढच्या-मागच्या आसांच्या फिरण्यातला फरक मधला क्लच खाऊन टाकतो. बाजारातल्या रिमचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर रिंग घालावी. लॉटवर पोचल्यावर पुढच्या टायरमध्ये दारावर छापलेल्या हवेच्या दाबापेक्षा पाचेक पीएसआय जास्त भरावेत, टायरच्या भिंतीवर छापलेली कमाल मर्यादा न ओलांडता, आणि खांद्यावर खडूच्या रेघा ओढाव्यात. फेरीनंतर रेघ भिंतीपर्यंत पुसली गेली असेल तर हवा कमी आहे, खांद्यावरही शिल्लक असेल तर जास्त. चाकाचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासावेत, आणि घरी निघण्यापूर्वी चारही टायरमधली हवा दारावरच्या आकड्यावर आणावी.