पावशेर : एका मापाचे उत्तरायुष्य

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचा भाव क्विंटलवर ठरतो, आणि त्याच गावातल्या किराणा दुकानात गिऱ्हाईक 'पावशेर शेंगदाणे' मागते. शेर तर कायद्याने केव्हाच गेला. १९५६ च्या वजनमापविषयक कायद्यानंतर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली. मग हा पावशेर कोणता?

गावोगावचे शेर निराळे असत. परंतु ऐंशी तोळ्यांचा प्रमाण शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, म्हणजे त्याचा पावशेर २३३ ग्रॅमचा. नांदेडचा दुकानदार मात्र आज पावशेर म्हणताच २५० ग्रॅम तोलून देतो. तेव्हा या शब्दाला जुन्या व्यवहाराचा अवशेष म्हणणे मला अपुरे वाटते. त्याने आपला अर्थच बदलून घेतला आहे. सोनाराचा तोळाही असाच ११.६६ ग्रॅमवरून दहावर आला. जुन्या कथेतला पावशेर आणि आजच्या कथेतला पावशेर यांत सतरा ग्रॅमचे अंतर आहे, हे कोशांनी नोंदवायला हवे.

ही रीत केवळ आपली नव्हे. पोर्तुगीज बोलणाऱ्यांनीही किलोग्रॅममधला ग्रॅम गाळून नुसता 'किलो' ठेवला. वास्तविक ग्रीक मुळाप्रमाणे त्याचा अर्थ फक्त 'हजार'. त्यांचे 'अरोबा' हे जुने वजन सुमारे १४.७ किलोचे, ब्राझीलमध्ये गुरांच्या व्यवहारात ते आता नेमके १५ किलोचे धरतात. गंमत अशी, की अरोबा हा शब्द अरबीतून आलेला असून त्याचा अर्थ 'चौथा हिस्सा', म्हणजे आपला पावच! तो चौथा हिस्सा क्विंटलचा. आणि क्विंटल हा शब्दही अरबीतूनच आलेला. (खाण्याचा पाव मात्र पोर्तुगीजांकडून आला; मापाचा पाव संस्कृत 'पाद'पासूनचा.)

खरा पेच वजनांच्या संचात आहे. कायद्याची वजने ५०, १००, २००, ५०० ग्रॅमची. पाव किलोचे स्वतंत्र वजन त्यांत नाही. गिऱ्हाईक एक शब्द उच्चारते, दुकानदार पारड्यात दोनशे आणि पन्नास अशी दोन वजने टाकतो. पाऊण किलोला तीन लागतात. अदपावाला शंभर, वीस आणि पाच. आपली भाषा निम्म्याचे निम्मे करीत मोजते, कायदा दहाच्या पटीत. आणि दोहोंचा मेळ इतकी वर्षे तराजूमागचा माणूस घालीत आला. 'अच्छेर' या ओढाताणीत टिकला नाही, कारण पाचशेचे वजन हाती होते आणि 'अर्धा किलो' म्हणणे सोपे होते. पावाला तशी सोय कधी मिळालीच नाही.