तीनपत्तीच्या गावात पोकर

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर. गणपतीतल्या जागरणाच्या रात्री या पट्ट्यात फिरून बघा, कुठल्या ना कुठल्या गल्लीत सतरंजीवर रमी नाहीतर तीनपत्ती रंगलेली असतेच! त्यामुळे इथला पोरगा पुण्यात नोकरीला लागला, ऑफिसच्या गँगबरोबर पणजीला मांडवीवरच्या कॅसिनोत शिरला, की म्हणतो, पोकर काय, आपली तीनपत्तीच तर!

खिसा हलका होतो तो इथेच, राव.

तीनपत्तीत सिक्वेन्स कलरला खातो. पोकरमध्ये उलटं, कलर भारी. कारण साधं गणित. बावन्न पत्त्यांतून तीन उचलले तर २२,१०० प्रकारचे हात होतात. त्यात साधे सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६. पाच पत्ते घेतले की सिक्वेन्स १०,२०० आणि कलर फक्त ५,१०८. जे दुर्मीळ ते वरचढ. (गंमत म्हणजे ट्रेल ५२ प्रकारे लागतो, प्युअर सिक्वेन्स ४८च. तरी मान ट्रेलला. आपल्याकडे थाट बघतात, गणित नाही!)

पोकरचा सगळ्यात चालणारा प्रकार टेक्सास होल्डम. दोन पत्ते तुमच्या हातात, पाच टेबलावर सगळ्यांचे: आधी तीन, मग एक, मग आणखी एक. सातांतून बेस्ट पाच निवडायचे. बोली चार वेळा. ‘ब्लाइंड’ इथे पत्ते न बघता अर्ध्या पैशात खेळणारा डेअरिंगबाज नसतो; ती दोघांनी आधीच भरायची सक्तीची रक्कम असते. आणि पॅक करायला लाजू नका. गल्लीत पॅक करणाऱ्याला ‘घाबरला’ म्हणतात. पोकरमध्ये बहुतेक हात टाकूनच द्यायचे असतात.

पैसे लावायचा विचार असेल, तर जरा थांबा. सुप्रीम कोर्टाने १९६८ मध्ये रमी मुख्यतः कौशल्याची ठरवली, पण त्याच निकालात तीन पत्त्यांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा म्हटलं. राज्यात १८८७चा जुगारबंदी कायदा आहेच. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवरही बंदी आणली. त्याच्या महिनाभर आधी तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा सभागृहातला मोबाइल-रमीचा व्हिडिओ गाजला (आपण खेळत नव्हतो, असं ते म्हणाले), आणि लातुरात सुनील तटकरेंच्या पत्रकार परिषदेत कार्यकर्त्यांनी पत्तेच फेकले. मग मारहाणही झाली. पिकाच्या भावाची चिंता असलेल्या गावात पत्ता हा टाइमपास राहत नाही.

शिकायला पैसे लागतातच कुठे? गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. कुठूनही शिरा आणि पाव-पाव किलो राजमा, हरभरा, तूरडाळ घ्या. राजमा शंभराचा, हरभरा दहाचा, तूर एकाची. रात्री जो जिंकेल, त्याने वरण लावायचं.