डावा हात

आमच्या मुखेडांत सन १९४८ पर्यंत निजामाचें राज्य. शिक्षणांत उर्दूचें वर्चस्व. म्हणून आमच्या वडिलांनीं बालबोध अक्षर घरींच धुळपाटीवर गिरविलें. त्या सुंदर वळणाचा अभिमान आम्हांस वारशानें मिळाला, आणि तोच नडला. मास्तरकींत एका डावखुऱ्या मुलास आम्हीं छडी मारून उजव्या हातानें लिहावयास लाविलें. अक्षर सुधारलें नाहीं. मूल मात्र पाटीस भिऊं लागलें.

समर्थांनीं दासबोधाच्या १९ व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेस दिला आहे. त्यांत वळण, अंतर, ओळ यांची शिस्त आहे, छडी नाहीं. हें आम्हीं शंभरदां वाचलें, पण उमगलें उशिरां.

आतां आमची नात डावखुरी आहे. तिच्याकडून आम्ही प्रथम कणकेचे गोळे वळवून घेतों, ताटांतील तांदळांत बोटानें अक्षरें काढवितों. मग जाड पेन्सिल. कागदाचा माथा किंचित् उजवीकडे कलता ठेवितों, म्हणजे हात ओळीखालीं राहतो व लिहिलेलें पुसत नाहीं.

परवां तिनें आपलें नांव लिहून दाखविलें. अक्षर वांकडें होतें, चेहरा हंसरा होता. वाचकहो, अगोदर बोटें तयार होऊं द्यावींत. वळण मागाहून येतें. त्या मुलाची क्षमा मागावयाची मात्र राहूनच गेली.