बल्लारपूरचा साग आणि विशाखापट्टणमचे जहाज

बँकेच्या नोकरीत बल्लारपूरला असताना तारण मालाच्या तपासणीसाठी सागवानाच्या डेपोत मला वारंवार जावे लागे. आलापल्लीच्या जंगलातील ओंडके थप्प्या लावून ठेवलेले असत. प्रत्येकावर हातोड्याची खूण व क्रमांक. माल पडून राहिला की व्यापाऱ्याचे व्याज चढते, एवढाच माझा त्यांच्याशी संबंध. साग खाऱ्या पाण्यात सहसा कुजत नाही, लोखंडाला गंजवत नाही, म्हणून जहाजाच्या डेकवर त्याला मान असतो, हे मला एका वयोवृद्ध व्यापाऱ्याने सांगितले. तेव्हापासून जहाजाचा कारखाना पाहण्याची इच्छा होती.

निवृत्तीनंतर बल्लारपूरहूनच गाडी पकडली आणि विजयवाड्याला गाडी बदलून विशाखापट्टणम गाठले. तेथील कारखाना मूळचा सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीचा होता. 21 जून 1941 रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. पुढच्याच एप्रिलमध्ये जपानी विमानांनी या बंदरावर बाँब टाकले. यंत्रे व पोलाद मिळेनासे झाले. परकीय सरकारचा हातही आखडताच होता.

त्याच 1942 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत 'रॉबर्ट ई. पियरी' हे मालवाहू जहाज चार दिवस साडेपंधरा तासांत पाण्यात उतरले. अशी 'लिबर्टी' जहाजे युद्धकाळात 2,710 बांधली गेली. नकाशा एकच, सुटे भाग आधी तयार करून आणायचे, रिव्हेट न ठोकता वेल्डिंगने जोडायचे. (ते भाग बनवण्यात गेलेले दिवस या चार दिवसांत धरलेले नाहीत, हिशेबनिसाची नजर तेथे अडतेच.) थंड समुद्रात काही जहाजांना तडे गेले, दोन-चार तर दुभंगली. तरी माल पोचत राहिला, कारण गिऱ्हाईक सरकारच होते.

विशाखापट्टणमचे पहिले जहाज 'जलउषा', सुमारे आठ हजार टनांचे. पं. नेहरूंच्या हस्ते ते पाण्यात उतरले 14 मार्च 1948 रोजी. कोनशिलेपासून पावणेसात वर्षे! एवढा काळ भांडवल अडकलेले आणि जहाजाचा एक पैसाही हाती नाही. आपल्यापैकी ज्यांनी दुकान चालवले आहे, त्यांना याचा अर्थ सांगायला नको. असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी 'परतफेडीची शाश्वती नाही' असा शेरा मारून परत पाठवला असता. बंदरावर उभा असताना तो शेरा माझ्याच अक्षरात मला दिसत होता.

परतीच्या गाडीने पहाटे बल्लारपूरला उतरलो, तेव्हा एक मालट्रक ओंडके घेऊन डेपोकडे वळत होता.