गजऱ्याला नियम आहे, क्लिपला नाही

खानदेशात गेल्या काही वर्षांत एखाद्या लग्नाला गेला असाल, तर ही हेअरस्टाईल तुम्ही पाहिलेली आहे. कानाच्या वरचे केस दोन्ही बाजूंनी घेऊन त्यांच्या बारीक वेण्या, त्या मागे नेऊन एकत्र बांधलेल्या, जिथे बांधल्या तिथे मोत्यांचं किंवा खड्यांचं काहीतरी चमचमतंय, आणि खालचे सगळे केस पाठीवर मोकळे. इंग्रजीत हिला हाफ-अप म्हणतात. मराठीत धड नाव नाही. आंबाडा आहे, खोपा आहे, सागरवेणी आहे, पाचपेडी आहे, पण हिला नाव नाही. आमच्या घरात 'अर्धी वेणी' म्हणून भागवतो. हे नाव नसणं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मी मूळची जळगावची, नोकरी पुण्यात, हिंजवडीत. ऑफिसात मी बॅकएंड बघते आणि घरच्या लग्नांतही बॅकएंडच बघते, म्हणजे सगळ्या बहिणींची डोकी, मागून. (पीजे होता. सोडून द्या.) पार्लरवाली फक्त नवरीची असते. बाकीच्या आठ-दहा जणी सकाळी सहापासून माझ्यासमोर ओळीने बसतात. टोकन सिस्टिम आहे, वशिला चालत नाही.

वेणीचं मला लहानपणापासून आकर्षण. तीन पेड, उजवा मधल्यावरून, डावा मधल्यावरून, केस संपेपर्यंत हेच. कॉलेजात पहिल्यांदा लूप शिकवला तेव्हा मला वाटलं, हे तर मी शाळेत असल्यापासून करतेय, लाल रिबन लावून. गणितात तर वेण्यांची चक्क थिअरी आहे. एमिल आर्टिन नावाच्या गणितज्ञाने १९२५ मध्ये ती मांडली, आणि तिच्या नावातच वेण्या आहेत. हे मी एकदा आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं. आता तेल लावून घे."

तर आधी कामाचं बोलू. ज्यांना नुसती हेअरस्टाईल शिकायची आहे त्यांनी हा परिच्छेद घ्यावा आणि सुटावं. केस आदल्या दिवशी धुवा, त्याच दिवशी नको. ताजे धुतलेले केस फार घसरतात, पिना टिकत नाहीत. कानाच्या टोकापासून मागे सरळ रेष धरून वरचे केस वेगळे घ्या, खालचे पुढे टाकून ठेवा. वरच्यातला डोक्याच्या मधला भाग थोडा उलटा विंचरा म्हणजे फुगा येतो, आणि दोन काळ्या पिना एकमेकींवर फुलीसारख्या लावून तो बसवा. मग दोन्ही बाजूंनी तीनपेडी वेण्या. त्या घट्टच घाला, आणि पूर्ण झाल्यावर टोक धरून पेडांच्या कडा बोटांनी हलक्या ओढा, वेणी रुंद आणि दाट दिसते. (पातळ केसवाल्यांनो, गंगावन विकत घेण्याआधी हे करून बघा.) दोन्ही वेण्या मागे पारदर्शक रबराने एकत्र बांधा. आता दागिना. सगळ्यांची तक्रार असते की जड क्लिप तासाभरात खाली सरकते. ती सरकते कारण मोकळ्या केसांत लावलेली असते. ती त्या रबराच्या वर, वेणीच्या पेडांत अडकवली पाहिजे. वेणीच्या गाठी तिला धरून ठेवतात. छोटे मोती, चांदण्या वगैरे उरलंसुरलं वेणीच्या कडेने, आकड्यांनी. झालं. सरावाने एका डोक्याला बारा मिनिटं.

हे सगळं सामान जळगावात फुले मार्केटला, गोलाणी मार्केटला मिळतं, आणि धुळ्यात पाचकंदीलच्या आसपास. दुकानावर पाटी 'कटलरी'ची असते आणि आत चाप, बक्कल, बांगड्या, टिकल्या. पुण्यातल्या मुलींना हे कळत नाही, त्यांना वाटतं चमचे आणायला चाललीये.

आता प्रश्न असा की हे खोटे मोती आणि खडे आले कुठून? केसांचे दागिने आपल्याकडे काही कमी नव्हते. राखडी, मूद, केतक, वेणीच्या टोकाला गोंडे. जुन्या घरांत सोन्याचे असायचे, आणि जळगाव तर सोन्याचं गाव. पण आजच्या भावात डोक्याला सोनं लावून डीजेसमोर कोण नाचणार? उरलं फूल. आणि फुलाला आमच्याकडचा उन्हाळा झेपत नाही. लग्नसराई एप्रिल-मेमध्ये, पारा पंचेचाळीसच्या आसपास. सकाळी नऊला माळलेला मोगरा हळद लागेपर्यंत पिवळा आणि मंगलाष्टकांपर्यंत तपकिरी. भुसावळच्या एका लग्नात तर मी गजरे ओल्या फडक्यात गुंडाळून आइस्क्रीमवाल्याच्या पेटीत ठेवलेले पाहिलेत. अशा हवेत प्लॅस्टिकचा मोती जिंकणारच.

दुसरा अर्धा भाग म्हणजे मोकळे केस. त्याची भानगड वेगळी. माझ्या आजीच्या लेखी मोकळे केस ही अवदसेची खूण. तिन्हीसांजेला केस विंचरायचे नाहीत, केस सोडून उंबऱ्यात उभं राहायचं नाही. मी अकरावीत असताना केस मोकळे सोडून निघाले की ती विचारायची, "घरात कोणी गेलंय का?" कारण तिच्या लहानपणी बाई केस सोडायची ती सुतकात. हे चालू होतं तोवर 'अर्धी वेणी' हा आमच्यातला तह होता. वरचे केस बांधलेले म्हणून ती गप्प, खालचे सोडलेले म्हणून मी खूश.

गंमत म्हणजे जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. तिथे १७ नंबरच्या लेण्यात आरशात बघत साजशृंगार करणारी एक स्त्री आहे, पाचव्या शतकातली. आजूबाजूच्या चित्रांत बघत राहिलात तर केसांच्या इतक्या तऱ्हा दिसतात की आजची पार्लरवाली वही काढून बसेल. वर बांधलेले, खांद्यावर बटा सोडलेले, फुलं खोचलेले, मोत्यांच्या सरी गुंफलेले. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात तिथे पोचला तेव्हा ही सगळी मंडळी अंधारात नटून बसलेली होतीच. मी आजीला एकदा म्हटलं, बघ, मोकळे केस आपल्याकडे दीड हजार वर्षांपूर्वीपासून आहेत. ती म्हणाली, "त्या राजाच्या घरच्या. त्यांना कोण बोलणार?"

हसू आलं तेव्हा, पण बाई अचूक बोलली होती. केसांचा प्रश्न कधीच केसांचा नसतो, 'कोण बोलणार' याचा असतो. डोक्यावर काय आहे यावरून ही कोणाची कोण, नवरा आहे की नाही, हे लांबून वाचता आलं पाहिजे अशी सोय समाजाने करून ठेवलेली आहे. चाळीसगाव भागातल्या तांड्यांवर जुन्या बंजारा बायका बघा. कानांच्या वर केसांत चांदीच्या टोपल्या आणि घुगऱ्या लोंबतात, आणि त्या लग्न झालेल्या बाईच्याच. नवरा गेला की उतरल्या. आपल्याकडे तेच काम गजऱ्याने केलं.

इथे मला माझ्या मावशीबद्दल सांगायचंय.

मावशी धुळ्याला असते. तिचे यजमान २०१४ मध्ये गेले, तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. तिचे केस कमरेपर्यंत, आजही. माझा वेणीचा नाद मुळात तिच्याकडून आला. उन्हाळ्याच्या सुट्टीत जळगावहून एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला उतरलं की संध्याकाळी ती अंगणात बसवून माझी सागरवेणी घालायची आणि स्वतःच्या आंबाड्यात अबोली. २०१४ नंतर अबोली बंद. कोणी तिला 'माळू नकोस' म्हटलं नाही. सांगायची गरजच पडत नाही, हीच तर या नियमांची खुबी आहे. केस घट्ट वळून एक गाठ, त्यात दोन आकडे, बस.

२०२३ च्या मेमध्ये तिच्या मुलीचं लग्न होतं, धुळ्यालाच. म्हणजे ही वधूची आई. हळदीला ती मागच्या खोलीत, ओटी भरताना मागच्या खोलीत, कन्यादानाला दीर-जाऊ बसणार. सगळं आधीच ठरलेलं, आणि ठरवणाऱ्यांत ती स्वतःसुद्धा होती. सकाळी माझी ओळ संपली. नऊ डोकी झाली. पिशवीत एक क्लिप उरली होती, बारीक मोत्यांची, पानाच्या आकाराची, १२० रुपयांची. मावशी चहाचे कप गोळा करायला आली तेव्हा मी तिला खुर्चीत बसवलं.

"ऱ्हाऊ दे व माय, माले काय करनं से?" अहिराणीत. ती घाईत असली की अहिराणीत बोलते.

मी म्हटलं, फक्त विंचरते. विंचरता विंचरता वरचे केस घेतले, दोन वेण्या घातल्या, मागे बांधल्या. खालचे केस मोकळे सोडणं शक्यच नव्हतं, ते मी सैल वळून मानेवर ठेवले. मग क्लिप लावली. तिने हात मागे नेऊन चाचपली. आणि विचारलं, "फूल ते नही ना?"

फूल तर नाही ना.

मी म्हटलं, नाही, क्लिप आहे. केस सुटू नयेत म्हणून. ती थोडा वेळ बसून राहिली, मग उठली आणि कप घेऊन गेली. क्लिप काढली नाही. मांडवात एक चुलत सासू तिच्या डोक्याकडे बराच वेळ बघत होती. माझ्या पोटात गोळा. शेवटी त्या बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "कितलाले लिधी?" कितीला घेतली. एवढंच!

परत येताना पूर्ण रस्ताभर मी हाच विचार करत होते, की हे चाललं कसं? सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर स्पेसिफिकेशनमध्ये ही केसच नव्हती. (केसच. बघा, परत.) गजऱ्याला नियम आहे, कुंकवाला आहे, हिरव्या बांगडीला आहे, कारण या गोष्टी जुन्या आहेत आणि कोणीतरी बसून त्यांचा अर्थ ठरवून टाकलाय. कटलरीतल्या मोत्याच्या क्लिपचा अर्थ अजून कोणी ठरवलेला नाही. तिला मराठीत नाव नाही, म्हणून तिच्यावर बंदीही नाही. बाई त्या फटीतून अलगद निघून गेली.

पण आमच्या धंद्यात फटीला सोल्यूशन म्हणत नाहीत, वर्कअराउंड म्हणतात. तो तात्पुरता असतो, आणि मूळ बग तसाच राहतो. उद्या या क्लिपचाही 'सवाष्णीचा दागिना' होईल, कोणीतरी तिला हळदीकुंकवाच्या वाणात देईल, आणि मग तिलाही नियम लागेल. म्हणून मूळ नियमाशी भांडलेल्यांची आठवण ठेवावी लागते. १८९० मध्ये मुंबईत गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. पगारवाढीसाठी नव्हे, हातातला वस्तरा खाली ठेवण्यासाठी. आणि मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद केलं. त्यानंतर सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायचं आवाहन केलं. या दोन तारखांमध्ये १३२ वर्षं आहेत. वस्तरा गेला, नियम डोक्यावरच राहिला.

आमच्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी तिशीत विधवा झाल्या, पुढची चाळीसएक वर्षं तशाच जगल्या, शेतात राबल्या, गाणी रचत राहिल्या. त्यांनी सुगरणीच्या घरट्याला जो शब्द वापरला तो 'खोपा', आणि आपण बायकांच्या केसांच्या गाठीलाही तोच म्हणतो. मला हे फार आवडतं. पक्षीण काडी कोणती आणते ते तिचं ती ठरवते.

मावशी आता घरीही ती क्लिप लावते, भाजी आणायला जातानासुद्धा. परवा फोनवर म्हणाली, एक मोती पडला, तसलीच दुसरी मिळाली तर बघ. मी म्हटलं, बघते. पाचकंदीलला तुझ्या घराजवळच मिळेल खरं तर. म्हणाली, "तठे मी मागू का?" तिथे मी मागू?

म्हणजे लावायची मुभा झाली, दुकानात उभं राहून स्वतःसाठी मागायची अजून नाही. दिवाळीला धुळ्याला जाणार आहे. क्लिप मी पुण्यातून नेणार नाही. तिला दुकानात घेऊन जाणार आहे, आणि दुकानदार "कोणासाठी?" म्हणाला, तर उत्तर तिलाच देऊ देणार आहे. त्या दिवसांत शेजारी फुलवालाही बसतो. अबोलीचं काय ते तिचं ती बघेल.